दमेकऱ्यांना धोका कमी?

हजारो रुग्णांच्या नोंदी संगणकाला पुरवायच्या, त्यांवरून त्याने आडाखे बांधायचे आणि नव्या रुग्णाला धोका किती ते सांगायचे, या विद्येचा हल्ली बराच बोलबाला आहे. मी तिचा विरोधक नाही. दमल्याभागल्या डॉक्टरच्या नजरेतून निसटलेले लक्षण यंत्राने हेरले, तर कोणाला नको आहे? माझी शंका आहे ती नोंदींविषयी.

१९९० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्ग येथे न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर असा प्रयोग झाला. कोणाला दाखल करून घ्यावे आणि कोणाला औषधे देऊन घरी पाठवावे, एवढे ठरवायला मदत हवी होती. संगणकाने नियम शोधला तो असा : ज्याला दमा आहे, त्याला न्यूमोनियाने मरण्याची भीती कमी! आपल्याकडची कोणतीही आजी हे ऐकून कपाळावर हात मारून घेईल. पण नोंदींच्या हिशेबाने ते खरेच होते. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवीत, आणि त्या काळजीमुळे ही माणसे वाचत. संगणकाने काळजीचे पुण्य दम्याच्या खात्यावर जमा केले, इतकेच. त्याच्यावर विसंबून दमेकऱ्यांना घरी धाडले असते तर?

हा नियम कळला, कारण तो काढणारी पद्धत माणसाला वाचता येण्याजोगी होती. तिच्याहून अचूक ठरलेली दुसरी पद्धत आत काय शिकली, ते दाखवीत नव्हती. संशोधक रिच कारुआना यांनी स्वतःच तयार केलेली ती पद्धत रुग्णांवर वापरू नये, असे सांगितले. मला हा शहाणपणा फार मोलाचा वाटतो.

२०१९ साली अमेरिकेतच दुसरे उदाहरण उघडकीला आले. तिथे यंत्र उपचारांच्या खर्चावरून आजाराची तीव्रता मोजत होते. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी होई. साहजिकच तितकेच आजारी असूनही ते यादीत मागे पडत.

आपल्याकडे २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली आरोग्याच्या नोंदी संगणकावर जोडल्या जात आहेत. चांगलेच आहे. पण एसटीच्या भाड्याला पैसे नव्हते म्हणून जी बाई तपासणीला आलीच नाही, तिच्या केसपेपरावर काय असणार? कोरी जागा. संगणक तिला बरी झालेली समजला तर नवल नाही.

असे यंत्र आमच्या गावच्या इस्पितळात आले, तर अचूकतेचे टक्के मी नंतर विचारीन. हे दम्याविषयी काय शिकले आहे, ते आधी दाखवा म्हणेन.