गोडादऱ्याची मुले आणि सुरतेचा किल्ला

सुरतेची महानगरपालिका अलीकडे शहरातील जुन्या ठेव्याची बूज राखू लागली आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांना पायबंद बसावा म्हणून खुदावंदखानाने सोळाव्या शतकाच्या मध्यास तापीकाठी बांधलेला किल्ला दुरुस्त होऊन आता संग्रहालय म्हणून खुला आहे. मलिक गोपीचा तलाव २०१५ साली नव्याने सजला. सिटीलाइटकडील विज्ञान केंद्रात तारांगण आहे, कलादालन आहे. पाहुण्यास दोन दिवस हिंडण्याजोगे शहर झाले, यात शंका नाही.

परंतु हे सारे गोडादऱ्याच्या वाट्याला किती येते?

गोडादरा ही रेल्वेच्या रुळांपलीकडची, शहराच्या पूर्वेची वस्ती. लिंबायत, डिंडोली, उधना आणि गोडादरा या पट्ट्यात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून गाडी थेट उधन्यास येते. त्या गाडीने माणसे आली आणि यंत्रमागांवर, रंगाईच्या कारखान्यांत कामाला लागली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती असा त्यांचा व्यवहार. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या माणसाने सुटीच्या एका दिवशी बायकोमुलांना घेऊन शहर ओलांडावे, भाडे भरावे, तिकिटे काढावीत आणि किल्ला पाहून यावे, ही अपेक्षा बोलायला सोपी आहे. वर्षातून एकदा कोणी ते करीलही. पण एकदा पाहून काय होते?

प्रस्तुत लेखक संगीत शिकवतो, म्हणून त्याच्या धंद्यातला दाखला देतो. सूर एकदा ऐकून कान तयार होत नाही. गवयाच्या घरातले पोर झोपेतही तंबोरा ऐकते, तेव्हा कुठे दहा वर्षांनी त्याला उतरलेला पंचम खटकतो. डोळ्याचेही तेच आहे. चित्र असो की मूर्ती, ती जाता-येता दिसली पाहिजे, कंटाळा येईपर्यंत दिसली पाहिजे.

बडोद्यात आपल्याला हे कष्टावाचून मिळाले. १८७९ साली कमाटीबाग झाली आणि १८९४ साली तिच्यातच संग्रहालयाची इमारत उभी राहिली. बाग आणि संग्रहालय एका आवारात असण्याचा गुण असा की, मूल माकडे पाहायला म्हणून निघते आणि ऊन चढले की संग्रहालयात शिरते. १९४४ साली महीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा सांगाडा, मिसरची ममी आणि अकोट्याच्या कांस्यमूर्ती ज्याने लहानपणी पाच-दहा वेळा पाहिल्या नाहीत, असा जुना बडोदेकर विरळा. आपण याला आपली अभिरुची समजतो. वास्तविक ती बागेच्या नकाशाची कृपा होय.

गोडादऱ्यात संग्रहालय बांधा, असे आम्ही म्हणत नाही. इमारतीच्या गोष्टी लांबतात, आणि कोनशिलेपुढे सरकत नाहीत अशा इमारती आपल्याही गावी थोड्या नाहीत. याहून सोपी वाट बडोद्याच्याच दप्तरात आहे. १९१० साली सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालय खाते उभारले. या खात्याच्या फिरत्या पेट्या गावोगाव जात. एका गावी पुस्तके वाचून झाली की पेटी दुसरीकडे. त्याच खात्यात चित्रांच्या व मॅजिक लँटर्नच्या द्वारे शिक्षण देणारी शाखाही होती. ज्याला ग्रंथालयापर्यंत येता येत नाही त्याच्याकडे ग्रंथालयाने जावे, एवढा साधा विचार त्यामागे होता.

सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. त्या शाळांसाठी अशीच संग्रहालयाची पेटी का असू नये? नाण्यांच्या प्रतिकृती, जरीकामाचे तुकडे, किल्ल्याचा मातीचा नमुना, जुन्या बंदराचे नकाशे आणि सोबत सोप्या मराठीत पुस्तिका. पेटी महिनाभर शाळेत राहावी, मुलांनी वस्तू हाताळाव्यात, आणि मगच त्यांना बसमध्ये घालून किल्ल्यावर न्यावे. सांगण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. इंग्रजांची वखार लढवणाऱ्या जॉर्ज ऑक्झिंडेनची कबर कतारगाम दरवाजाकडील इंग्रजी कबरस्तानात भल्या घुमटाखाली आहे. (राज्याभिषेकास रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडेन तो निराळा, आपल्याकडे दोघांची गल्लत फार होते.) गोडादऱ्याच्या मुलाला ही गोष्ट त्या जागी उभे राहून, त्याच्या भाषेत ऐकायला मिळाली, तर ज्या शहरात बाप माग चालवतो ते शहर त्याला परके वाटणार नाही.

येथे आपल्या जुन्या घरांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. सुरतेच्या मराठी वस्तीचा विषय निघाला की 'ती कारखान्यातली मंडळी' म्हणून आपण बाजूला होतो. आपले पूर्वज कारभारी म्हणून आले, शिलेदार म्हणून आले; आमचे घराणे राजवाड्यात गाणारे, पण तेही मूळचे पोटासाठीच या गावी आले. फरक इतकाच की आपल्याला राजा भेटला आणि बाग भेटली.

पेटीतील पुस्तिका लिहून देण्यास बडोद्यात इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, चित्रे काढून देण्यास ललित कला शाखेतून शिकलेले हात आहेत. शाळा जूनमध्ये उघडतात. मंडळींनी एकत्र बसून सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे तत्पूर्वी लेखी योजना धाडावी, आणि उत्तर न आल्यास दोघा-तिघांनी गाडीने जाऊन समक्ष भेटावे.