विमानाखालची माणसे

गेल्या सुट्टीत माझा भाचा आमच्या घरी आला होता. तो नववीत शिकतो. एका संध्याकाळी तो संगणकासमोर बसून विमान चालवत होता. पडद्यावर समुद्र वेगाने मागे पळत होता. विमान पाण्याच्या इतक्या जवळून उडत होते, की आता ते बुडणार असे मला वाटले. आणि झालेही तसेच! एक पंख पाण्याला लागला, विमान उलटले आणि पडदा काळा झाला. मी दचकलो. भाचा मात्र हसला. "मामा, घाबरू नका. पुन्हा सुरू करता येतं," असे म्हणून त्याने एक बटण दाबले. लगेच नवे कोरे विमान धावपट्टीवर उभे राहिले.

त्या विमानाचे नाव होते 'मॉस्किटो'. मॉस्किटो म्हणजे डास, उर्दूत मच्छर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीने हे दोन इंजिनांचे विमान तयार केले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी त्याने पहिले उड्डाण केले. विशेष म्हणजे ते मुख्यतः लाकडाचे होते. युद्धकाळात धातूची टंचाई होती. पण लाकूड होते आणि कुशल सुतारही होते. म्हणून खुर्च्या, टेबले व कपाटे बनवणारे कारागीर विमानाचे भाग बनवू लागले. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडावर दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे पातळ थर चिकटवत. विमानाचे धड शेंगेच्या दोन फाकांप्रमाणे वेगवेगळे तयार करून मग जोडत. असे हे लाकडी विमान ताशी सुमारे ६०० किलोमीटर वेगाने उडत असे. अशी ७,७०० हून अधिक विमाने बनली.

'डीसीएस वर्ल्ड' या संगणकखेळात २०२१ साली हे विमान आले. खेळ तयार करणाऱ्यांनी फार बारकाईने काम केले आहे. इंजिन सुरू करण्यासाठी खऱ्या विमानाप्रमाणेच अनेक कळा क्रमाने दाबाव्या लागतात. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे जमिनीवरून धावताना विमान एका बाजूला ओढले जाते. ते सरळ ठेवण्यास सराव लागतो. नकाशा वाचावा लागतो, दिशा व वेळ यांचा हिशेब करावा लागतो. काही वडीलधारी माणसे म्हणतात, "असले खेळ बंदच केले पाहिजेत." मला हे पटत नाही. ज्या खेळातून मुलगा विज्ञान, भूगोल आणि धीर शिकतो, त्याला सरसकट वाईट का म्हणावे?

पण खेळात दोन उणिवा आहेत. त्या ओळखूनच तो खेळावा, असे माझे मत आहे.

पहिली उणीव म्हणजे, खेळातले विमान कधी जुने होत नाही. खरे मॉस्किटो आपल्या देशातही आले होते. १९४४ साली भारतात त्यांचे काही अपघात झाले. हवेत असताना पंखांचे जोड सुटले. बांधणीत दोष होते आणि त्यात येथील उष्ण, दमट हवेची भर पडली. काही काळ ही विमाने जमिनीवरच उभी ठेवावी लागली. त्या अपघातांत सापडलेल्या वैमानिकांना पुन्हा सुरू करण्याचे बटण नव्हते.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. खेळात खाली घरे दिसतात, रस्ते दिसतात. पण त्या घरांत कोण राहते हे खेळ सांगत नाही. ते सांगण्यासाठी इतिहासातील एक खरी घटना तुमच्यापुढे ठेवतो.

१९४० पासून डेन्मार्क हा लहानसा देश जर्मनीच्या ताब्यात होता. राजधानी कोपनहेगन येथील 'शेलहुस' या इमारतीत जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे, म्हणजे गेस्टापोचे मुख्य कार्यालय होते. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या देशभक्तांची माहिती तेथे कागदोपत्री जमा होती. त्यांच्यातील काहींना इमारतीच्या वरच्या मजल्यावर कोंडून ठेवले होते. ते कागद नष्ट झाले नाहीत, तर आणखी शेकडो लोक पकडले जातील, अशी भीती होती. म्हणून खुद्द डेन्मार्कच्या देशभक्तांनीच ब्रिटनला या इमारतीवर हल्ला करण्याची विनंती केली.

२१ मार्च १९४५ रोजी मॉस्किटो विमाने तीन तुकड्यांनी कोपनहेगनवर आली. शत्रूच्या नजरेस पडू नये म्हणून ती घरांच्या छपरांवरून अगदी खालून उडत होती. पहिल्या तुकडीतील एक विमान उंच खांबाला धडकले आणि एका शाळेजवळ कोसळले. तेथून आगीचे लोळ व धूर उठू लागला. मागून येणाऱ्या काही वैमानिकांना वाटले, जेथे धूर आहे तेच आपले लक्ष्य. त्यांनी तेथे बॉम्ब टाकले.

ती जान दार्क नावाची शाळा होती. शाळा भरलेली होती. त्या दिवशी ८६ मुले मृत्युमुखी पडली. मुलांना शिकवणाऱ्या जोगिणीही त्यांच्याबरोबर गेल्या.

इकडे शेलहुस जळाले, कागदपत्रांचा मोठा भाग नष्ट झाला. वरच्या मजल्यावरील २६ कैद्यांपैकी १८ जण वाचले. मोहीम यशस्वी झाली असे अहवालात लिहिता येईल. पण त्या ८६ घरांतील आईवडिलांना ते कसे सांगावे? सुमारे दीड महिन्याने डेन्मार्क स्वतंत्र झाला. सगळीकडे आनंद झाला. त्या घरांत मात्र ती मुले परतली नव्हती.

मित्रांनो, ते वैमानिक दुष्ट नव्हते. ते स्वतःचा जीव धोक्यात घालून आले होते आणि त्यांच्यापैकीही काही जण परत गेले नाहीत. शेलहुस आणि ती शाळा यांच्यात सुमारे दीड किलोमीटरचे अंतर होते. तुम्हीच गणित करून पाहा. ताशी ६०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान हे अंतर सुमारे नऊ सेकंदांत कापते. नऊ सेकंदांत धुराकडे पाहायचे, ओळखायचे आणि निर्णय घ्यायचा! चांगल्या हेतूने निघालेल्या, निपुण माणसांच्या हातूनही युद्धात असे घडते. म्हणूनच युद्धाला खेळ समजू नये.

खेळ खेळू नका, असे मी म्हणणार नाही. विमानाचे इंजिन समजून घ्या, त्याचा वेग जाणून घ्या, ज्या सुतारांनी ते घडवले त्यांच्या कसबाचे कौतुक करा. पण ज्या विमानावर आपले प्रेम आहे, त्याची पूर्ण हकिकत आपल्याला ठाऊक असावी. अर्धी हकिकत पडद्यावर आहे. उरलेली अर्धी पुस्तकांत आहे, आणि ती शोधण्याची जबाबदारी आपली आहे.

त्या संध्याकाळी मी भाच्याला ही घटना सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "मामा, त्या शाळेतली मुलं किती मोठी होती?"

मी म्हणालो, "बहुतेक तुझ्याहून लहान."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळायला बसला. मी त्याला अडवले नाही. विमान समुद्र ओलांडून एका गावावर आले, तेव्हा त्याने ते थोडे वर घेतले आणि खालच्या घरांकडे पाहिले.