फुकटात पीडीएफ भरताना

मंडळी, पीडीएफ फॉर्मवर नाव-पत्ता टाकायचा म्हटलं की आपण दिसेल त्या पहिल्या फुकट साईटवर फाईल चढवतो. पॅन, खातेक्रमांक, सही, सगळं परक्याच्या सर्व्हरवर! माझ्या मते याची गरजच नाही. फायरफॉक्समध्ये २०२२ पासून पीडीएफवर मजकूर लिहिता येतो आणि फाईल आपल्याच संगणकावर राहते. लिब्रेऑफिस ड्रॉही फुकटच. मात्र त्यात मूळ ओळींचे तुकडे होतात, मराठी जोडाक्षरं कधीकधी विस्कटतात. तेव्हा सेव्ह केलेली प्रत पुन्हा उघडून, वाचून मगच पाठवा. आणि हो, आकड्यावर नुसती काळी पट्टी ओढली म्हणजे तो पुसला जात नाही, खाली तसाच राहतो. असो. काका-मावश्यांनो, अडलात तर खुशाल फोन करा. कागद मात्र घरातच राहू द्या.