कुलूप पक्के, पण किल्ली जपा

आमच्या दिघोरीतल्या मोहल्ल्यातील एक खाला मोबाइल घेऊन घरी आल्या. मुलगा आखातात कामाला, त्याचे पैसे बँकेत जमा होतात. त्यांनी विचारले, "बेटा, या मोबाइलचं कुलूप कुणी फोडलं तर?"

आम्ही त्यांना वर्गातलाच खेळ सांगितला. मुलांना ५३ गुणिले ५९ दिले की ३१२७ हे उत्तर लगेच येते. पण नुसते ३१२७ देऊन 'कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार?' असे विचारले, तर पाटी भरून जाते. १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी याच अवघडपणावर 'आरएसए' हे कुलूप बनवले. त्याला दोन किल्ल्या. बंद करण्याची किल्ली जगजाहीर, उघडण्याची फक्त मालकाजवळ.

हे फुटते का? त्याच वर्षी कोडे म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ साली फुटली. त्यासाठी जगभरातले सुमारे १६०० संगणक लागले. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. आज मात्र ६१७ अंकी संख्या सर्रास वापरतात, ती अजून कुणाला फोडता आलेली नाही. पुढे क्वांटम संगणक हे काम करू शकतील, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या गणिताची कुलपे जाहीर केली आहेत.

मग पैसे जातात कसे? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी असे गणित सोडवले नव्हते. एटीएमच्या व्यवस्थेत घातक सॉफ्टवेअर घुसवून त्यांनी खोट्या मंजुऱ्या मिळवल्या. दार मजबूत होते, चोर खिडकीतून आले.

आपल्या घरची खिडकी म्हणजे ओटीपी आणि पिन. 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला तो सांगितला, की ६१७ अंकांचे कुलूपही निकामी होते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढे तरी घरातल्या थोरामोठ्यांना पाठ करून द्यावे. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करावा.

खाला उठता उठता म्हणाल्या, "म्हणजे पिन ही आपलीच अमानत." आम्हाला यापेक्षा सोपे सांगता आले नसते.