म्हातारी झाली ती सुरी!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे घरातल्यांनी फोन करून "आई, आमच्यावर लिहिलंस का?" असं विचारायला नको. हो, तुमच्यावरच लिहिलंय.

दोन महिन्यांपूर्वी लाल भोपळा चिरायला घेतला आणि सुरी अर्ध्यात अडकली. जोर लावला तर निसटून थेट डाव्या हाताच्या बोटावर आली. तीन टाके पडले. मग घरात सभा भरली आणि ठराव एकमताने मंजूर झाला : "आता तुमच्या हातात जोर राहिला नाही. चिरलेली भाजीच मागवत जाऊ." मीही मान डोलावली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आणखी काय होणार!

टाके निघाल्यावर ती सुरी खिडकीत उजेडाला धरली. चांगली धार वरून पाहिली तर दिसतच नाही. बोथट झाली की तिथे पांढरी रेघ चमकते. माझ्या सुरीला टोकापासून मुठीपर्यंत रेघ होती. गुन्हा तिचा, शिक्षा मला!

"धारदार सुरी म्हणजे धोका" हे आपलं समीकरणच उलटं आहे. धार असली की सुरी अलगद आत शिरते, आपण नेऊ तिथे जाते. बोथट सुरीला ढकलावं लागतं, आणि ढकललेली वस्तू कुठे निसटेल याचा नेम नाही. तरी आपण काय करतो? घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असलं की त्याच्या हाती मुद्दाम बोथट सुरी देतो!

"मग नवी आणू," इति चिरंजीव. अरे, नवीही बोथट होणारच. सूनबाईंनी खाचेतून ओढायचं एक यंत्र आणलं. चार दिवस सुरी बरी चालते, पण तसलं यंत्र धार लावत नाही, पातं खरवडतं. आणि धारवाला? विळीसाठी मी त्यालाच हाक मारीन, पण तो आता गल्लीत येतो कुठे? शिवाय फिरत्या चाकावर पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा.

आमच्या कोकणातल्या घरी न्हाणीच्या दगडापाशी वडील पाणी मारत कोयता पाजळायचे. मराठीत दिवाही पाजळायचा आणि कोयताही! वर्गात हा शब्द चाळीस वर्षं शिकवला, स्वतःच्या सुरीला मात्र कधी लावला नाही. हा दोष माझा.

मग हार्डवेअरच्या दुकानातून दगड आणला. तिथेही दुसरं टोक : आकड्यांची रांग आणि "मॅडम, पूर्ण सेट घ्या." काही गरज नाही. आकडा मोठा तितका दगड बारीक, एवढं लक्षात ठेवा. कपचा उडालेल्या पात्याला ४०० च्या आसपासचा, रोजच्या सुरीला १००० चा. त्यापुढचे रंधा, पटाशी आणि वस्तऱ्यासाठी. टोमॅटोच्या सालीला किंचित खरबरीत धारच छान पकडते. दोन अंगांचा एक दगड घराला पुरतो. त्याला पाणी तरी वापरा नाहीतर तेल, दोन्ही नको. स्वयंपाकघरात पाणीच बरं.

खाली ओलं फडकं घाला, म्हणजे दगड सरकत नाही. कोन मोजायला कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा. ९० चे ४५, ४५ चे साडेबावीस. पातं त्याहून जरासं खाली धरा आणि तो कोन शेवटपर्यंत सोडू नका. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला सगळ्या लांबीवर बारीक खरखर लागली की ती बाजू झाली. बोट धारेपासून बाहेरच्या दिशेने न्यायचं, धारेवरून कधीच नाही! मग दुसरी बाजू, आणि शेवटी हलक्या हाताने आलटून पालटून. दगड पूर्ण वापरा, नाहीतर मधे खोलगट होतो. दातेरी सुरी मात्र यावर नको.

पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. आता दहा मिनिटं पुरतात.

परवा पुन्हा लाल भोपळा आणला. हात तेच, संधिवात तोच. फोडी सरसर पडल्या. माझ्या मनात मात्र एकच विचार : किती म्हाताऱ्यांच्या हातातून एकेक काम असंच काढून घेतलं गेलं असेल, आणि त्यांनीही माझ्यासारखीच मान डोलावली असेल? माणसाला रिटायर करण्याआधी त्याचं हत्यार एकदा उजेडाला धरून पाहा.

चिरलेली भाजी मागवायची तर खुशाल मागवा. पण "आईच्या हातात जोर नाही" हे कारण यापुढे चालणार नाही. आणि नातवंडांनो, सुट्टीत या. दगड ओट्यावरच ठेवलाय. आधी धार लावायला शिकवीन, मग भोपळ्याचे घारगे!