सहा लाख कोटींची दिवाळी कुणी पाहिली?

दिवाळी 2025 ची भाऊबीज उजाडण्याआधीच आकडा हजर झाला: 6 लाख 5 हजार कोटी रुपये. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत देशभर एवढी विक्री झाली म्हणे. सांगणारी संस्था ‘कॉन्फेडरेशन ऑफ ऑल इंडिया ट्रेडर्स’, म्हणजे कॅट. आदल्या वर्षी याच संस्थेने 4 लाख 25 हजार कोटी सांगितले होते. वर्षात 42 टक्के वाढ! आता जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीत देशाची अख्खी अर्थव्यवस्था चालू किमतींना 8.7 टक्क्यांनी वाढली, हे खुद्द सरकार सांगतं. मग 42 टक्क्यांनी फुगलेला हा बाजार नेमका कुठल्या देशात भरला होता?

आमच्याकडचा दुकानदार वहीपूजन आटोपून गल्ल्याचा हिशेब लावायला बसतो, त्याचं पाडव्याचं आणि भाऊबीजेचं गिऱ्हाईक अजून यायचं असतं, आणि तिकडे साठ वितरण केंद्रांतल्या पाहणीवरून दिल्लीत साऱ्या देशाचा गल्ला मोजून मोकळे. कॅटचे सरचिटणीस प्रवीण खंडेलवाल हे चांदणी चौकातून निवडून आलेले भाजपचे खासदार आहेत. यात बेकायदा काही नाही. पण सत्ताधारी पक्षाच्या खासदाराच्या संघटनेने बाजार जोरात असल्याचं सांगितलं की ते बातमी म्हणून छापण्याआधी कुणीतरी बाजारात एक चक्कर मारावी, एवढीही अपेक्षा आता जास्त वाटते.

मी मारली. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गर्दी होती, तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी पाहून धंदा जोखणारे लोक बाजारात बसत नाहीत, टीव्हीवर बसतात. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला विचारा. एका कापडवाल्याने मला सांगितलं, ‘साहेब, माणसं तेवढीच येतात. पूर्वी घरातल्या चौघांचे कपडे व्हायचे, आता पोरांचे होतात आणि आईबाप गार वाऱ्याला बसून परत जातात.’ दुसऱ्याने सांगितलं की दोन हजारांच्या वरची साडी खाली काढायचंच त्याने बंद केलंय. घडी मोडायचे कष्ट वाया जातात.

वाहनांचा आकडा मात्र खरा आहे, तो मी झाकणार नाही. वाहन वितरकांच्या ‘फाडा’ या संघटनेने सणाच्या 42 दिवसांत 52 लाख 38 हजार वाहनं विकली गेल्याचं सांगितलं, आदल्या वर्षापेक्षा 21 टक्के जास्त. ही विक्री नोंदणीवरून मोजतात, अंदाजाने नाही. पण ती झाली कशी? 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली, त्याच दिवशी गिऱ्हाईक थांबलं. 22 सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि अडलेली सगळी खरेदी एकदम बाहेर पडली. दहा टक्क्यांसाठी लाखो कुटुंबं महिनाभर श्वास रोखून बसतात, याला समृद्धी म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

सोन्याची गोष्ट तर याहून मासलेवाईक. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या माहितीनुसार जुलै ते सप्टेंबर 2025 मध्ये भारतात दागिन्यांची मागणी वजनात 31 टक्क्यांनी घटली, 117.7 टनांवर आली. रुपयांत मात्र ती जवळपास आदल्या वर्षाएवढीच राहिली, 1 लाख 14 हजार कोटींच्या घरात. पैसा तेवढाच गेला, सोनं तिसरा हिस्सा कमी आलं. पेपरात याचा मथळा काय होतो? ‘भाववाढीतही सोन्याची झळाळी कायम’. धनत्रयोदशीला तोळ्याचा भाव सव्वा लाखाच्या पुढे होता. याच वर्षी जुलैत 9 कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्क मिळाला, म्हणजे शंभरातले साडेसदतीस भाग सोनं आणि उरलेलं भलतंच. मुलीच्या लग्नाचं मंगळसूत्र 22 कॅरेटवरून 9 कॅरेटवर उतरतं तेव्हा सराफाची विक्री होते, आकड्यात भर पडते आणि तज्ज्ञ खूश होतात. दुसऱ्या बाजूला बँकांची सोनेतारण कर्जं वर्षात दुपटीच्या पुढे गेली. त्यात भाववाढीचा वाटा आहे, मान्य. पण घरातलं सोनं बँकेत नेऊन ठेवणारा माणूस हौसेखातर तिथे जात नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. दिवाळीचा बाजार महाराष्ट्रात कधीच महिन्याच्या पगारावर चालला नाही. तो बोनसवर चालला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी 1924 साली बोनससाठी संप केला. 1981 च्या दिवाळीच्या तोंडावर पुन्हा बोनसवरूनच ठिणगी पडली आणि 18 जानेवारी 1982 पासून अडीच लाख कामगार कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. त्या संपाचं काय झालं ते गिरणगावाच्या जागी उभे राहिलेले टॉवर सांगतात. पण एकरकमी हातात पडणारा तो पैसा लालबाग-परळच्या कापडवाल्यापासून भांडीवाल्यापर्यंत सगळ्यांचं वर्ष काढत होता, हे तिथले जुने दुकानदार आजही सांगतील.

1965 च्या बोनस कायद्यात पुढे किमान 8.33 टक्के ठरले, म्हणजे वर्षाला एक पगार. 2025 च्या दिवाळीपर्यंत या कायद्याचा हक्क कुणाला होता? दरमहा 21 हजारांपर्यंत पगार असलेल्याला. ही मर्यादा 2015 सालची. तेव्हा तोळ्याला साधारण 26 हजार पडत होते, म्हणजे 21 हजारांत पाऊण तोळ्याहून जास्त सोनं यायचं. 2025 च्या धनत्रयोदशीला दीड ग्रॅमच्या आसपास आलं. दहा वर्षांत पेट्रोल वाढलं, शाळेची फी वाढली, आमदारांचं निवृत्तिवेतन वाढलं. ही रेघ तसूभर हलली नाही. पगार 21 हजारांवर सरकला की कायद्याच्या लेखी तुम्ही श्रीमंत.

आणि ज्यांना हक्क आहे त्यांचं काय? संघटित कारखान्यांतले दहापैकी चार कामगार कंत्राटी आहेत. कंत्राटदार पगारपत्रकात दरमहा ‘बोनस’ अशी एक ओळ घालून ठेवतो, पगाराचाच एक तुकडा कापून तिथे चिकटवतो आणि दिवाळीला हात वर करतो: दिला की दर महिन्याला! चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठेही विचारा. कायदा शाबूत, कागद शाबूत, फक्त दिवाळीत हातात पडणारी थप्पी गायब. आणि ती थप्पीच तर बाजार चालवत होती. महिन्याला मिळणारे हजार-बाराशे किराण्यात विरघळतात, त्यातून फ्रिज येत नाही.

सरकार तरी काय करतं? मुंबई महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्याला 2025 च्या दिवाळीत 31 हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं. मिळावंच, माझी तक्रार नाही. अंगणवाडी सेविकेला राज्याने भाऊबीज भेट दिली, 2 हजार रुपये. ओवाळणी घालणारा भाऊ एवढा हिशेबी असेल तर बहिणीने बाजारात काय उचलावं?

हे माझं रडगाणं वाटत असेल तर केंद्राचीच आर्थिक पाहणी उघडा, 2024-25 ची. पगारदार पुरुषाचं सरासरी मासिक उत्पन्न, महागाई वजा करून, 2017-18 मध्ये 12,665 रुपये होतं. 2023-24 मध्ये 11,858. सहा वर्षांत पुढे नाही, मागे. त्याच पाहणीत आणखी एक जोडी आहे: 2023-24 मध्ये बड्या सूचिबद्ध कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला, रोजगार 1.5 टक्क्यांनी. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा सांगितलं होतं की गुंतवणूक येईल, नोकऱ्या येतील. नफा आला. नोकऱ्या अजून वाटेत आहेत, बहुधा खंबाटकी घाटात अडकल्या असाव्यात.

यावर उत्तर तयार असतं: महागाई बघा किती कमी! ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई फक्त 0.25 टक्के होती आणि खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा 5 टक्क्यांनी उतरले होते. बरोबर. पण हे उतरलेले भाव कुणाच्या खळ्यातून आले? लातूरला जा. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा 5,328 रुपये क्विंटल होता. दिवाळीच्या आठवड्यात आडतीवर चार हजारांच्या आसपास, भिजलेल्या मालाला त्याहून खाली. सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यात उभं पीक सडलं, जे हाती लागलं ते ओलं. सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, दिवाळीआधी पैसे खात्यात पाडण्याचा शब्द दिला. अनेकांच्या खात्यात ते दिवाळी उलटल्यावर आले. हमीभावाची खरेदीही दिवाळीनंतरच सुरू झाली. लक्ष्मीपूजनाला पोरांच्या अंगावर कपडा घालायचा तर शेतकऱ्याने आडत्याच्या भावाने माल सोडायचा. दहा क्विंटल घालणाऱ्याचे बारा-तेरा हजार तिथल्या तिथे गेले. मार्केट यार्डात गेलेले हे पैसे कापड लाइनीत, भांड्यांच्या दुकानात, दुचाकीच्या शोरूममध्ये दिसणार नाहीत. शहरातल्या ग्राहकाची स्वस्ताई आणि गावातल्या दुकानदाराची मंदी एकाच काट्यावर मोजलेली आहे.

व्यापाऱ्यांवरही माझा राग आहे. धंदा बसला की त्यांचं बोट थेट ऑनलाइनकडे जातं. ऑनलाइनने काही गिऱ्हाईक नेलं, खरंच. पण जे गिऱ्हाईक मुळात उरलंच नाही ते ऑनलाइनने कुठून न्यावं? आपल्याच दुकानातल्या पोराला बारा तास उभं करून दहा-अकरा हजारांत राबवणारा शेठ गिऱ्हाईक कमी झाल्याची तक्रार करतो, तेव्हा त्याच्या शेजारच्या शेठचं गिऱ्हाईक तोच पोरगा होता हे त्याच्या डोक्यात येत नाही. त्याच्या संघटनेने बोनसची मर्यादा वाढवा म्हणून एखादा मोर्चा काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

असो. 2026 च्या दिवाळीतही आकडा येईल, 2025 पेक्षा मोठा येईल, आणि तो छापूनही येईल. छापणाऱ्यांनी एवढंच करावं: रुपयांच्या शेजारी नग छापावेत. साड्या किती, जोडे किती, सोनं किती ग्रॅम. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर 2026 ला आहे. त्याच्या पंधरा दिवस आधी सोयाबीनची खरेदी केंद्रं बारदान्यासकट उघडायला कुठलाही नवा कायदा लागत नाही, आणि 21 हजारांची मर्यादा वाढवायला एक अधिसूचना पुरते.