इंजिन तेच, नाव वेगळं

गेल्या पंधरवड्यात गाडीचं ऑइल बदलायला आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो होतो. शेडमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्हींची बॉनेटं वर. एक मारुतीची डिझेल स्विफ्ट, दुसरी फियाटची डिझेल पुंटो. पुंटो विकायची होती आणि ती बघायला पंचविशीतला एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. स्विफ्ट वडिलांची. मुलाला पुंटो मनापासून आवडलेली दिसत होती. टायर चांगले, सीटा स्वच्छ, दरवाजा लावला की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. किंमतही त्याच वयाच्या स्विफ्टपेक्षा बरीच कमी.

वडिलांनी गाडीकडे धड पाहिलंही नाही. "फियाट नको. ती गाडी रस्त्यावर कमी आणि गॅरेजात जास्त असते. माझी स्विफ्ट बघ. पावणेदोन लाख किलोमीटर झाले, इंजिनला पाना लागलेला नाही."

मिस्त्री हात पुसत आले आणि त्यांनी दोन्ही इंजिनांवरची प्लास्टिकची झाकणं काढून बाजूला ठेवली. "काका, आता सांगा, यातलं फियाटचं इंजिन कुठलं?"

ते वाकले. मीही वाकलो. चार इंजेक्टर, त्यांना डिझेल पुरवणारी आडवी जाड नळी, ऑइल फिल्टरचं काळं घर. पाइप आणि वायरिंग थोडं इकडचं तिकडे, पण धड एकच.

"दोन्ही," मिस्त्री म्हणाले. "दोन्ही फियाटचीच."

मिस्त्री सांगत होते ते अक्षरशः खरं आहे. 1248 सीसीचं हे डिझेल इंजिन म्हणजे फियाटचं मल्टीजेट. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीत ते तयार झालं आणि 2003 मध्ये पोलंडमधल्या कारखान्यातून बाहेर पडलं. डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवायचं आणि तिथून प्रत्येक इंजेक्टरला हवं तेव्हा, हवं तेवढं सोडायचं, ही कॉमन रेलची युक्ती प्रवासी मोटारीत पहिल्यांदा आणली तीही फियाटच्याच घरातल्या अल्फा रोमिओने, 1997 मध्ये. मल्टीजेटने त्यापुढे जाऊन एका फेऱ्यातला फवारा पाच छोट्या फवाऱ्यांपर्यंत विभागला. म्हणून त्याची खडखड कमी आणि डिझेलचा खर्चही कमी. मारुतीने परवाना घेऊन हेच इंजिन मानेसरला बनवायला सुरुवात केली आणि 2007 मध्ये डिझेल स्विफ्ट आली. पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा. टाटांच्या इंडिका व्हिस्टा आणि मान्झामध्येही तेच, क्वाड्राजेट या नावाने. शेवरलेच्या सेलमध्येही तेच. इतक्या घरांत ते पोचलं की गाडीवेड्या मंडळींनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायला सुरुवात केली.

त्यातही 2012 ची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. डिझेल गाड्यांची मागणी इतकी वाढली की मारुतीला स्वतःची इंजिनं पुरेनात. तेव्हा वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घेण्याचा करार मारुतीने थेट फियाटशी केला. ती इंजिनं यायची होती रांजणगावहून, आपल्या शिरूर तालुक्यातल्या, महागणपतीच्या रांजणगावहून. त्याच कारखान्यातून निघालेलं इंजिन एका बॉनेटखाली गेलं की 'डोळे झाकून घ्या', आणि दुसऱ्या बॉनेटखाली गेलं की 'नको रे बाबा'.

मग ही बदनामी आली कुठून?

परदेशातली बदनामी वेगळी होती. तुरिनची ही कंपनी 1899 सालची. युरोप-अमेरिकेत तिच्या सत्तरच्या दशकातल्या गाड्यांना गंज फार लवकर धरायचा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांत तर पत्रा खाऊन जायचा. इंग्रजीत तिच्या नावाच्या चार अक्षरांचा 'फिक्स इट अगेन, टोनी' असा अर्थ लावला गेला आणि 1983 मध्ये कंपनीने अमेरिकेतून गाशा गुंडाळला. तिथली ती बदनामी तिने कमावलेलीच होती. आपल्याकडे मात्र गंज हे कारण नव्हतं. आपल्याकडे नाव गेलं ते ग्राहकाला ताटकळत ठेवल्यामुळे.

1996 मध्ये उनो आली तेव्हा पैसे भरून नोंदणी करणाऱ्यांचा आकडा तीन लाखांच्या घरात गेला होता. त्या काळात कुठल्याही गाडीसाठी हा विश्वास अफाट होता. पण कुर्ल्याच्या कारखान्यात कामगारांचा संप झाला, उत्पादन रखडलं आणि लोक वाट बघत राहिले. अनेकांनी पैसे परत घेतले. पुढच्या दोन-तीन वर्षांत सँट्रो, मॅटिझ, इंडिका आल्या आणि ती माणसं तिकडे गेली. मग 2001 मध्ये सचिन तेंडुलकरला घेऊन पालिओ आणली. दणकट पत्रा, रस्त्याला धरून चालणारी गाडी. पण 1.6 लिटरचं इंजिन पेट्रोल प्यायचं आणि सर्व्हिस सेंटर मोजकी. त्यानंतर टाटांशी हातमिळवणी झाली आणि फियाटच्या गाड्या टाटांच्या शोरूममध्ये विकल्या जाऊ लागल्या. ज्याच्या दारात स्वतःच्या गाड्या उभ्या आहेत तो दुसऱ्याची गाडी किती जीव लावून विकणार आणि किती जीव लावून दुरुस्त करणार? 2012 मध्ये दोघांनी विक्रीपुरत्या चुली वेगळ्या केल्या. ग्राहकाला नव्याने पत्ता शोधावा लागला. एका कंपनीने वीस वर्षांत ग्राहकाला इतक्यांदा नव्या दाराशी उभं केलं, तर ग्राहक गाडीवरच अविश्वास दाखवणार. त्याला दुसरं काय दिसतं?

उनोचं उत्पादन ज्या मुंबईत रखडलं, त्याच मुंबईत फियाटचं दुसरं आयुष्यही चालू होतं, हे मला विसरता येत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. पन्नासच्या दशकात कुर्ल्याला फियाट 1100 बनू लागली, 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने पिढ्यान् पिढ्या ओढल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरअखेर ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. दिवसाला दोन पाळ्या, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, वर सामान आणि आत चार माणसं. एवढं सोसलेल्या गाडीला बिनभरवशाची म्हणायची माझी तरी छाती होत नाही.

ती टिकली याचं कारण 1089 सीसीच्या त्या इंजिनात जितकं होतं तितकंच रस्त्यावर होतं. ऑपेरा हाउसच्या दुकानांत तिचा प्रत्येक पार्ट मिळे. पॉइंट साफ करणं, कार्बोरेटर उघडणं, क्लच प्लेट बदलणं हे येणारा माणूस प्रत्येक नाक्यावर होता. टॅक्सीवाला स्वतःच अर्धा मिस्त्री असे. ती बिघडायची, पण तासाभरात पुन्हा धंद्याला लागायची. पुंटो आणि लिनिया या फियाटच्या नव्या गाड्यांच्या वाट्याला हे कधी आलंच नाही. आमच्या मिस्त्रींचे शब्द सांगतो: "इंजिन मरत नाही हो. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन सैल होते, पण ती स्विफ्टचीही होते. खोळंबा होतो बारक्या पार्टात. बंपर फुटला, काचेचं बटण गेलं, तर गाडी महिनाभर माझ्या दारात. येणारा-जाणारा बघतो, फियाट गॅरेजात उभी आहे."

म्हणून माझा निवाडा असा आहे: फियाटच्या भारतातल्या अलीकडच्या गाड्यांवरचा बिनभरवशाचा शिक्का अन्याय्य आहे, पण तो उमटवला फियाटनेच. गाडी विकणं म्हणजे पुढची दहा-पंधरा वर्षं पार्ट देण्याचं वचन आहे, आणि ते वचन या कंपनीने पाळलं नाही. कारखान्यातल्या कामगाराने आपलं काम चोख केलं. रांजणगावच्या त्याच कारखान्यातून टाटांची नेक्सॉन निघाली, जीप कंपास निघते. तिथल्या हातांना कुणी नावं ठेवू नयेत.

एक गोष्ट मात्र मला खरोखर बोचते. वडिलांचं ते मत चुकीचं होतं, पण ते खोडून काढायला माझ्याकडे तरी मिस्त्रींच्या पान्यापलीकडे काय पुरावा होता? जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला जाते, आणि कुठल्या मॉडेलच्या किती गाड्यांत काय दोष निघाले याचा अहवाल ट्यूव्ह ही तपासणी करणारी मंडळी दरवर्षी छापतात. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीची आकडेवारी कुणालाही बघता येते. आपल्याकडे खासगी गाडीचं पहिली पंधरा वर्षं धुरापलीकडे कुणी काही तपासतच नाही. त्यामुळे आपण नातेवाईक काय म्हणाले, चहाच्या टपरीवर काय ऐकलं, यावर सात-आठ लाखांचा निर्णय घेतो. नोंदणी संगणकावर आहे, टॅक्सी-टेम्पोच्या फिटनेस तपासण्या होतात. त्यातले मॉडेलवार दोष परिवहन खात्याने दरवर्षी जाहीर करावेत, ही माझी मागणी आहे. ज्या कंपनीची गाडी चांगली तिचा त्यात फायदाच आहे.

त्या दिवशी गॅरेजमध्ये पुढे काय झालं ते सांगतो, कारण जुनी गाडी घेणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल. मिस्त्रींनी पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टवाल्याला फोन लावला आणि पुंटोच्या पाच वस्तू विचारल्या: हेडलाइट, पुढचा बंपर, क्लच सेट, सस्पेंशनचे बुश, काचेचं बटण. आहे का, कितीला, किती दिवसांत. मुलगा मोबाइलवर लिहून घेत होता आणि वडीलही आता पुंटोच्या दरवाजाला हात टेकवून ऐकत होते. क्लच सेट आणि बुश लगेच मिळणार होते. बंपर चार दिवसांत. बटण जुन्या मालातलं. हेडलाइट दिल्लीहून मागवावा लागणार होता, पंधरा दिवस धरा म्हणाले. फियाट असो की आणखी कुणाची, जुनी गाडी घेण्याआधी एवढा एक फोन तुम्हीही करा.